चव कळणारा माणूस

चायनीज हॉटेलची पारख सूपवरून करावी, असे ते गेली बावीस वर्षे आपल्या साप्ताहिक स्तंभात लिहीत आले होते. नूडल्सचे दोष सॉस झाकतो. सूपला पांघरूण नसते. कोपऱ्यावरचे हे हॉटेल आठ वर्षांपूर्वी त्यांनी याच कसोटीवर एका वाक्यात निकालात काढले होते : ‘येथील सूप निर्जीव आहे.’ वर्षभरात त्याला कुलूप लागले. आता तिथल्या आचाऱ्याच्या मुलीने हॉटेल पुन्हा उघडले होते, आणि नव्या स्तंभासाठी ते बायकोसह गेल्या वेळच्याच खिडकीपाशी बसले होते. दुपार कलली होती. दुसरे गिऱ्हाईक नव्हते.

“नाक आणलंय ना बरोबर?” बायकोने विचारले.

“म्हणजे?”

“गेल्या वेळी ते घरीच राहिलं होतं. तुम्ही सर्दीनं बेजार होतात. मीच वाफ दिली होती सकाळी.”

त्यांनी मेनूकार्डात डोके घातले. ही गोष्ट ती विसरली असेल, असे ते आठ वर्षे धरून चालले होते.

आतून कढईच्या काठावर पळी दोनदा वाजली. टण्, टण्. त्यांनी मान वर केली. पदार्थ उतरला की तो आचारी असाच ठोका द्यायचा. त्याला जाऊन तीन वर्षे झाली होती.

मुलगी स्वतःच वाट्या घेऊन आली. त्यांनी चमचा तोंडाला लावला. आधी मिरीची धग, मग आल्याचा गंध, आणि घोट उतरल्यावर मागे रेंगाळणारा व्हिनेगरचा आंबटपणा.

“वडिलांसारखी पळी ठोकतेस,” ते म्हणाले.

“मी? नाही हो काका. मी नाही ठोकत. आत दुसरं कुणी नसतंही.” तिने त्यांच्याकडे निरखून पाहिले. “तुम्हाला ओळखलं मी. तुमचं कात्रण बाबांनी शेगडीमागच्या भिंतीला चिकटवलं होतं. रोज मला चाखायला लावायचे. ‘अजून निर्जीवच आहे का गं?’ मी म्हणायचे, छान आहे. पटायचं नाही त्यांना. मिरी वाढवली, व्हिनेगर वाढवलं, मीठ तर इतकं, की रोजची माणसंही वाटी तशीच टाकून उठायला लागली. शेवटपर्यंत म्हणत होते, माझी जीभच मेली.”

तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर बरे झाले असते.

“हे त्यांच्या जुन्या मापाचं सूप आहे. कात्रणाच्या आधीचं. खरं सांगा काका, तेव्हा ते चुकत होते?”

‘आता उत्तम जमलंय’ एवढ्यावर निभावले असते. बायको वाटीत पाहत होती.

“मला सर्दी झाली होती त्या दिवशी,” ते म्हणाले. “कशाचीच चव कळत नव्हती. तरी लिहिलं.”

मुलीने कोरडेच टेबल फडक्याने पुसले.

“म्हणजे बाबांना चव कळत होती तर.”

“हो.”

ती आत गेली. त्यांनी वही उघडली, पेन हातात धरले.

“सर्दीपासूनच सुरू करा,” बायको हळूच म्हणाली. “छापायच्या आधी मी वाचणार आहे.”

त्यांनी पहिले वाक्य लिहिले. कोणाचीही ऑर्डर बाकी नव्हती. तरी आत कढईच्या काठावर पळी वाजली. दोनदा.