छप्पर की पन्हळ

भिंगरीने कुंडीला मिठी मारली, गुडघे वाकवले आणि सगळा जोर लावून ती जेमतेम इंचभर सरकवली. कुंडीतल्या बॉटल पामने तिच्या डोक्यावर पानांची टपली मारली.

"तुझ्याच भल्याचं करतेय," ती त्याला म्हणाली. "उगीच भाव खाऊ नकोस."

आत्या दोन दिवस मैत्रिणीकडे गेली होती. जाताना भाचीच्या हातात किल्ली आणि झारी देऊन गेली होती. नववीतल्या मुलीच्या ताब्यात अख्खं अंगण दिल्यावर ती नुसतं पाणी घालून घरी जाईल, अशी आशा आत्याच करू जाणे.

पाम अंगणात वर्षानुवर्षं असेच बसले होते, दवाखान्यात नंबर लावून बसलेल्या माणसांसारखे, ज्याला जिथे जागा मिळाली तिथे. गेल्या सुट्टीपर्यंत भिंगरीलाही त्यात काही वावगं दिसलं नव्हतं, कारण तोवर पाम म्हणजे पाम एवढंच तिला ठाऊक होतं. मग सुट्टीभर आत्याच्या मागे झारी घेऊन हिंडताना तिची नजर उघडली, आणि उघडली ती मिटेचना. आता शाळेच्या वाटेवर लोकांच्या कुंपणात डोकावून "हा अरेका, तो फॉक्सटेल" असं ती मोठ्याने सांगायची आणि मैत्रिणी चार पावलं पुढे निघून जायच्या. अशा मुलीला हा सावळागोंधळ कसा खपणार?

म्हणून तिने पंख्यासारख्या पानांचे पाम मागच्या भिंतीशी नेले आणि पिसांसारख्या पानांचे नळाच्या बाजूला. उंदराने कुरतडल्यासारख्या पानांचा फिशटेल धड इकडचा ना तिकडचा, त्याला पायरीजवळ एकट्याला मान दिला. संध्याकाळपर्यंत तिच्या तळहातांची सालं निघाली होती, पण अंगण कसं वहीत आखल्यासारखं दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी आत्या आली तेव्हा भिंगरी फाटकातच उभी होती.

"डोळे मीट. चल. आता उघड."

आत्याने डोळे उघडले. अलीकडे ती पक्ष्यासारखी मान जराशी तिरकी करून बघायची, तशी तिने केली.

"सगळं हलवलंस," ती म्हणाली.

"आवडलं?"

"छानच."

भिंगरीचा चेहरा पडला. आत्याने आयुष्यभर शाळांचे गणवेश शिवले होते. स्वतःच्या भावाचा लग्नातला कोट तिनेच शिवला होता आणि त्यातल्या तीन चुका ती अजून सांगत असे. तिच्या तोंडून नुसतं 'छानच' म्हणजे काहीतरी बिनसलं होतं.

आत्याने पिशवी पायरीवर ठेवली, झारी भरली आणि वहिवाटीप्रमाणे नळाच्या बाजूच्या कोपऱ्याकडे चालू लागली. वाटेत तिचा गुडघा एका कुंडीवर आपटला. कोपऱ्यात पोचल्यावर ती वाकली.

"काय रे ढेरपोट्या, तहानलास?" असं म्हणत तिने बॉटल पामच्या फुगीर बुंध्यावरून फिरवावा तसा हात पुढे केला.

भिंगरी हसली. कारण तिथे बॉटल पाम नव्हताच. तिथे आता बुटका खजूर होता, आणि त्याच्या देठांना खाली सुईसारखे काटे असतात हे तिला आत्यानेच शिकवलं होतं. आत्या मस्करी करतेय, असं तिला वाटलं.

आत्याने हात झटकन मागे घेतला. बोटावर रक्ताचा थेंब आला होता.

"आत्या, तो बुटका खजूर आहे."

"हो, कळलं," आत्या बोट चोखत म्हणाली. "त्यानेच सांगितलं."

त्यानंतर दोघी पायरीवर बसल्या. भिंगरीने बोटाला चिंधी बांधली. गाठ मारून झाली तरी तिने हात सोडला नाही.

"किती दिसतं?" तिने विचारलं.

"कडेकडेचं दिसतं. मधलं नाही. मी ज्याच्याकडे बघते तेच जातं." आत्याने तिच्याकडे तोंड वळवलं. "आता तुझ्याकडे बघितलं तर तुझे कान दिसतात. नाक गायब."

"मग बरी दिसत असेन."

"आधीपेक्षा बरी."

भिंगरीला हसू आलं आणि मध्येच अडकलं. मागच्या वर्षी आत्याने शिवणाचं मशीन देऊन टाकलं होतं. कंटाळा आला, म्हणाली होती. सगळ्यांनी ते खरं मानलं होतं.

"मैत्रिणीकडे गेले ते तिला घेऊन डॉक्टरकडे जायचं म्हणूनच," आत्या म्हणाली. "मधलं परत येणार नाही, म्हणाले. कडा मात्र राहतील." मग ती जरा थांबली. "रविवारी तुझा बाप येतोय."

ते भिंगरीला माहीत होतं. वर्षभर घरात तोच विषय होता. आत्याने आता एकटं राहू नये, आमच्याकडे यावं. चौथा मजला, आणि गॅलरी एवढीशी की तिथे कुंडी ठेवली तर माणूस आत आणि माणूस उभा राहिला तर कुंडी आत. झेपतंय तोवर इथेच राहीन, असं म्हणून आत्याने भावाला आजवर थोपवून धरलं होतं.

"सांगणार आहेस त्याला?" आत्याने विचारलं.

भिंगरीच्या तोंडात तीळ भिजत नसे. वर्गात तिला कुणी गुपित सांगायचं तर मधल्या सुट्टीनंतर सांगायचं, असा नियमच होता. ती उठली आणि तिने बाह्या वर सारल्या.

"मी सगळं होतं तिथे ठेवते. आत्ताच."

"बस खाली." आत्याने तिच्या ओढणीचं टोक धरलं. "परत ठेवून काय होणार? मी पाम ओळखत नव्हतेच गं. जागा ओळखत होते. कोपरा म्हणजे बॉटल, फाटक म्हणजे खजूर. इतके दिवस मी जमिनीशीच बोलत होते."

ही गोष्ट भिंगरीला मुळीच पटली नाही. पाम ओळखायला शिकवणारी बाई पाम ओळखत नाही म्हणजे काय? तिने आत्याला दंडाला धरून उठवलं, फॉक्सटेलपाशी नेलं आणि एका पानाच्या मधल्या दांड्यावर तिची बोटं टेकवली, जिथून छोटी पाती फुटतात तिथे.

"सांग. छप्पर की पन्हळ?"

हा धडाही आत्याचाच होता. पामचं प्रत्येक पातं दांड्याला चिकटतं तिथे दुमडलेलं असतं. काहींचं घराच्या छपरासारखं, पाऊस दोन्हीकडे सांडून देणारं. काहींचं पन्हळीसारखं, पाणी आत धरणारं. पंखेवाले सगळे पन्हळवाले. पिसांवाले बहुतेक छपराचे, फक्त खजूर आणि फिशटेल तेवढे फितूर.

आत्याची बोटं पात्यावर थांबली. अंगठा खाली, तर्जनी वर.

"ही तर साधी चुणी आहे," ती हळूच म्हणाली. "छप्पर." मग तिने दांड्याभोवती मूठ फिरवली. "आणि पाती चहूबाजूंनी, ब्रशासारखी. फॉक्सटेल."

तो आठवडा मजेत गेला. शाळा सुटली की भिंगरी धावत यायची, ओढणीने स्वतःचे डोळे बांधायची आणि दोघींची शर्यत लागायची. शर्यत म्हणजे काय, आत्याच जिंकायची. चाळीस वर्षं कापडाची वीण, काठ आणि दुमड पारखलेली ती बोटं, त्यांच्यापुढे भिंगरीच्या शाई लागलेल्या बोटांची काय पत्रास. आत्याला अरेका कळायचा तो त्याच्या काठ्यांच्या गर्दीवरून आणि काठीवरच्या कड्यांवरून. पंखा पामच्या बुंध्यावरच्या तंतूंना ती गोणपाट म्हणायची. खजुराला मात्र देठाच्या टोकाकडूनच हात लावायची, शहाण्यासारखी.

एकदा भिंगरीने भिंतीशी काहीतरी बराच वेळ चाचपलं आणि जाहीर केलं, "पात्यांच्या नुसत्या काड्याच राहिल्यात. हा आजारी आहे."

"तो खराटा आहे," आत्या म्हणाली. "पण चुकलीस असं म्हणणार नाही. नात्यातलाच आहे."

रविवारी बाबा आले ते काखेत एक कुंडी घेऊन.

"ताई, हा तुझ्यासाठी. म्हणजे आमच्या गॅलरीसाठी." त्यांनी कुंडी पायरीवर ठेवली. "तुझी खोली रिकामी केलीय. म्हटलं, दाराबाहेर कुणीतरी ओळखीचं असावं."

बाबांचा हाच त्रास होता. ते वाईट असते तर भांडता आलं असतं.

"मागच्या खेपेला तू चहात मीठ घातलंस," ते म्हणाले. "शेजारच्या काकू समोर उभ्या, तरी ओळख दिली नाहीस. मी काही बोललो नाही, पण मला दिसतं ना."

"तुला दिसतं ते बरंय," आत्या म्हणाली. "चल धाकटोबा, आधी अंगण बघ. पोरीने कुंड्या लावल्यात."

भिंगरी मागून चालू लागली. तिने जीभ दातांत धरून ठेवली होती. बाबांनी लांबून बोट दाखवलं, "तो कोणता गं?" आणि ती पटकन एक पाऊल पुढे आली, कारण ते बोट आत्याला दिसणार नव्हतं.

"लांबून ओळख विचारू नये," आत्या म्हणाली. "जवळ घेऊन चल, हातात हात देते."

आणि खरंच, ती भावाबरोबर एकेकापाशी गेली, पानाशी हस्तांदोलन करावं तसा हात पुढे केला आणि नावं सांगत सुटली. याला सावली हवी, याच्या मुळांशी पाणी साचलं की हा रुसतो, याचं नवं पान भाल्यासारखं मिटलेलं येतं, ते ओढायचं नाही, पामला शेंडा एकच असतो. बाबा हं हं करत होते. मग त्यांचं हं हं थांबलं आणि ते ऐकू लागले.

फेरी संपली. भिंगरीने सुटकेचा श्वास सोडला. तेवढ्यात आत्या पायरीवर बसली आणि तिने नवी कुंडी जवळ ओढली.

तो पाम तिच्या हाताखालून कधीच गेला नव्हता. तिने घाई केली नाही. बारीक काठ्या मोजल्यासारख्या चाचपल्या, त्यांच्यावरचं जाळीदार वेष्टण बोटांनी खरवडलं, पान उघडून त्याची एकेक पट्टी टोकापर्यंत नेली. टोकं कात्रीने कापल्यासारखी बोथट होती.

"काय म्हणून दिला तुला हा?"

"बांबू पाम."

"फसवलं तुला. लेडी पाम आहे. पण चीज चांगली आहे." आत्याने पान सोडलं. "आणि धाकटोबा, हा मी बघितला नाही. मला तो दिसतच नाहीये."

भिंगरीचे डोळे विस्फारले. बाबा कुंडीकडे बघत राहिले, मग अंगणाकडे, मग बहिणीच्या हाताकडे. त्यांना एकेक गोष्ट उलट क्रमाने आठवत असावी, कारण त्यांना बसायला बराच वेळ लागला.

मग आत्याने डॉक्टरांचं सगळं सांगितलं, मधलं आणि कडांचं.

"मला कधी सांगणार होतीस?" बाबांनी विचारलं.

"आजच. पण आधी सांगितलं असतं तर तू अंगण बघितलं नसतंस. मलाच बघत बसला असतास."

बाबांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला. भिंगरी वाट बघत होती. काही बोलायचा मोह तिला इतका झाला की ती नुसतीच एका पायावरून दुसऱ्या पायावर झाली.

बाबा उठले आणि चूळ भरायला नळाकडे निघाले. वाटेत पाण्याचा पाइप आडवा पसरला होता. त्यात त्यांचा पाय अडकला, ते तोल सावरून थांबले आणि पाइपाकडे बघत राहिले. मग वाकून त्यांनी तो वेटोळं करत गोळा केला, भिंतीवरच्या खिळ्याला अडकवला आणि एक पाऊल मागे सरून पाहिलं.

"ताई, हा इथे ठेवला तर? रोज इथेच?"

आत्या चालत गेली. तिने भिंतीवर हात ठेवला, वर सरकवला आणि टाचा उंचावल्या.

"उंच होतो," ती म्हणाली. "माझा हात इथे पडतो."

बाबांनी पाइप काढून खांद्यावर घेतला, आत्याचा हात होता तिथे भिंतीवर बोट टेकवलं आणि भिंगरीला हातोडी आणायला पाठवलं.