टेबलावरचा ठेका

आमच्याकडे घरात मयत झालं की वर्षभर गाणं नाही. टीव्हीवर चादर, रेडिओ बंद, मी काळ्या कपड्यांत. दालिबोरला जाऊन चार महिने झाले होते. एकतीस वर्षांचं माझं पोर, फुटबॉल खेळता खेळता पडलं ते उठलंच नाही.

आणि त्या दिवशी मी मिरच्यांच्या पिशव्या चार मजले चढवून घरात येते, तर नवरा पोराच्या खोलीत हेडफोन लावून त्याच्याच कीबोर्डपुढे बसलेला!

"त्रायको! लाज विकून खाल्लीस का रे?" मी ओरडले. "पोराची माती अजून वाळली नाही, आणि तुला वाजवायचं सुचतंय?"

त्याला कुठलं ऐकू जातंय! बोटं आपली चाललेली. आवाज म्हणजे नुसतं पट्ट्यांचं कोरडं टक्, टक्, टक्. मी हेडफोन ओढून काढला.

"बाहेर ऐकू जात नाही गं," तो म्हणाला. डोळे लाल झालेले. "त्याचं गाणं अर्धं राहिलंय. कॉम्प्युटरवर माझा अकॉर्डियन भरून झालाय, त्याचा आवाजही. ढोल तेवढा राहिला. 'तो शेवटी मीच भरतो,' म्हणाला होता."

ढोल म्हणजे खरा नव्हे. फ्लॅटमध्ये कोण वाजवू देतंय? डावीकडची पट्टी दाबली की मोठा ढोल, शेजारची दाबली की छोटा, वरची झांज. कॉम्प्युटर ते उतरवून घेतो.

"मग भर की! जन्मभर लग्नांत वाजवत आलास ना?"

"नाही जमत, रूझा. ठेका साधाच आहे, तीन-दोन-दोन मात्रांचा. पण शेवटचे दोन तो जरा रेंगाळत टाकायचा. कसे, तेच हाताला येत नाही."

मला येत होतं. रविवारी सूप वाढेपर्यंत हे कार्टं चमच्यांनी टेबल बडवायचं, सात वर्षांचं असल्यापासून. किती वेळा लाकडी डाव हाणलाय मी त्याच्या बोटांवर. जळो माझा हात!

"सरक," मी म्हटलं. आयुष्यात कधी वाद्याला हात लावला नव्हता. दोन बोटांनी पट्ट्यांवर तेच बडवलं. त्रायको तोंडावर हात धरून बसला. तिसऱ्या खेपेला उतरलं.

मग त्यानं हेडफोन माझ्या कानांवर चढवला. वर्ष व्हायचं होतं, तरी मी नको म्हटलं नाही. पोर गात होतं, आणि त्याच्या गाण्याखाली माझा ढोल. गाणं संपलं आणि त्याच रेकॉर्डिंगमध्ये मागून, स्वयंपाकघरातून, माझाच तेव्हाचा आवाज आला.

"किती हाका मारू, दाले? सूप निवतंय!"

"आलो गं आई, आलो." खुर्ची सरकली, आणि संपलं.

मला वाटलं मी मनातच बोलतेय. कान झाकलेले, आवाज किती चढला ते कळलंच नाही. खालच्या मजल्यावरची स्ताना धावत वर आली आणि दार ठोकायला लागली. मी आपली म्हणतच होते, "मग ये ना रे, ये ना."