अर्ल्स कोर्टचं रुखवत

“मुलाच्या आईने रुखवत विकत आणायचं! कुणी ऐकलंय का असं?” वन्सं माझ्या कानाशी पुटपुटल्या. पुटपुटल्या म्हणजे समोरच्या माणसाने पेपर खाली करून बघितलं, इतपत.

“हळू बोला, वन्सं.”

“तिला कुठे मराठी कळतंय?”

मारिसेल माझ्या दुसऱ्या बाजूला बसली होती. तिला मराठीतले सहा शब्द येत होते आणि सहावा नेमका ‘रुखवत’ होता. मीच शिकवलेला. पण ती खिडकीतून मागे जाणाऱ्या परसबागा बघत राहिली.

आम्ही तिघींनी अल्पर्टनहून पिकॅडिली लाइन पकडली होती. आदल्या दिवशी मारिसेलला घेऊन मी लीड्सहून कोचने वेम्बलीला आले होते, थोरल्या नणंदेकडे, म्हणजे या मधुमतीबाईंकडे. माझ्या सुश्रुतचं लग्न पंधरा दिवसांवर होतं, पंचवीस नोव्हेंबरला. मुलगी ही मारिसेल, त्याच्याच हॉस्पिटलातली नर्स. माहेर फिलिपिन्समधल्या सामार नावाच्या बेटावर. हॉल ठरला होता, मुहूर्त निघाला होता, नागपूरच्या दिराजावांची तिकिटं हातात आली होती.

आणि मुलीची आई? तिच्याबद्दल आमच्या घरात एक वाक्य ठरलेलं होतं : ‘कागद होताहेत.’ खरी गोष्ट अशी, की बाईंच्या जन्माची नोंदच सापडत नव्हती. गावची वही कुठल्याशा वादळात भिजून गेलेली. आधी नवी नोंद, मग पासपोर्ट, मग व्हिसा. सुश्रुत म्हणायचा, “प्रोसेस चालू आहे, आई.” त्याचे बाबा म्हणायचे, “होईल गं.” ते भूलतज्ज्ञ. दुखायच्या आत झोपवायची सवय. आणि मारिसेल नुसती हसायची. पंधरा दिवसांत यातलं काय होणार, हे बोटांवर मोजायला कुणालाच जमत नव्हतं.

मी तर काहीच म्हणत नव्हते. मी याद्या करत होते. रात्री उठून करत होते, कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता करत होते, आणि एका यादीत मला रुखवताचं टेबल दिसलं. मुलीकडच्यांनी आपल्या हातचं सगळं मांडायचं टेबल. आमचं ते रिकामं असणार होतं. माझ्या जावा हॉलमध्ये शिरल्या की चहाच्याही आधी तिकडे वळणार. तोंडाने अवाक्षर काढणार नाहीत, डोळ्यांनीच पोरीला सोलतील. म्हटलं, फिलिपिन्सच्या वस्तू आणू, तिच्या नावाने मांडू. कुणाला कळतंय?

“अर्ल्स कोर्टला मिळेल, आंटी,” मारिसेल म्हणाली होती. “तिथे आमची दुकानं आहेत.”

गाडी हॅमरस्मिथच्या अलीकडे उगीच थांबली. मी पर्स उघडून यादी बघितली, बंद केली, परत उघडली.

“अगं, काय शोधतेयस सारखी?” वन्सं म्हणाल्या. “पळून नाही जात कागद.”

दुकान बोळकांडीएवढं होतं. दारात सुक्या मासळीची पाकिटं, शेवयांची पाकिटं, व्हिनेगरच्या बाटल्या. वन्संनी पदर नाकाला लावला आणि मारिसेलने पाहिलं म्हणून काढलाही. मागच्या भिंतीला मात्र सगळा हस्तकलेचा माल होता. शिंपल्यांच्या पातळ चकत्यांचे दिवे, करवंट्यांचे वाडगे, विणलेल्या पिशव्या, भिंतीवर लावायचे हातभर लांब लाकडी चमचे आणि काटे.

“हे कोण घेतं इथे?” मी दुकानातल्या बाईंना विचारलं.

“टुरिस्ट,” त्या म्हणाल्या. “फिलिपिन्सला जातात, पंधरा दिवस समुद्रात लोळतात, खरेदी राहून जाते. मग विमानतळावरून घरी जायच्या आधी इकडे येतात. घरी सांगायला, तिकडून आणलं म्हणून.”

चला, म्हणजे या दुकानातून खोटं नेणाऱ्या आम्ही पहिल्या नव्हतो. मला जरा बरं वाटलं.

वन्संची कुरकुरही विरघळायला लागली. कागदाचा पाच टोकांचा तारा टांगलेला बघून त्या ओरडल्याच, “अगं, हा तर आपला आकाशकंदील!” मारिसेल म्हणाली, आमच्याकडे ख्रिसमसला प्रत्येक दारात लावतात. मग त्यांना मऊ गवताचा पंख्यासारखा झाडू सापडला. “केरसुणी! लक्ष्मीच की. ही घे. ही तर घेच.”

मी शोधत होते भावला-भावली. रुखवतात ती लागतातच. भावली मिळेना, पण भावला मिळाला. लाकडी पिंपात बसलेला, डोकं तेवढं बाहेर, चेहरा इतका गोड की माझ्या धाकट्या दिरांची आठवण व्हावी. मी तो टोपलीत ठेवणार तेवढ्यात वन्सं म्हणाल्या, “बघू, कपडे काय घातलेत,” आणि त्यांनी पिंप वर उचललं.

कपडे काहीच घातले नव्हते. आणि आत स्प्रिंग होती.

“अगंबाई!” वन्संनी पिंप धाडकन खाली आणलं. “हे मांडणार होतीस? सप्तपदीच्या शेजारी?”

दुकानातल्या बाई काउंटरवर डोकं ठेवून हसत होत्या. मारिसेल तर खाली उकिडवी बसली, हसून हसून डोळे पुसत. गेल्या महिनाभरात मी तिला अशी हसताना पाहिलं नव्हतं. तशीच बसल्या बसल्या तिचा हात कोपऱ्यातल्या एका गुंडाळीला लागला आणि तिने ती सोडली. रंगीत गवताची चटई होती, लाल-जांभळ्या फुलांची.

तिने चटई उलटी केली. कडेवरून अंगठा फिरवला.

“आमच्या गावची नाही,” ती म्हणाली. “माझी आई कड दोनदा दुमडते.”

“तुझी आई चटया विणते?”

“तिची आईही विणायची.”

माझ्या याद्यांमध्ये त्या बाईंच्या पासपोर्टच्या तारखा होत्या, विमानं होती, त्यांना थंडीत लागेल म्हणून माझा जुना कोटसुद्धा होता. त्या काय करतात, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

“आमचं ठरल्यापासून एक विणतेय,” मारिसेल म्हणाली. नजर चटईवरच. “आमची दोघांची नावं घालून. मी म्हटलं, पोस्टाने पाठव. नाही म्हणते. मी विणली, मीच अंथरणार म्हणते.”

“अरे वा,” मी म्हटलं. माझा आवाज मलाच फार चढा वाटला. “म्हणजे त्या आल्या की मांडूच ती. तोवर ही असू दे. टेबल भरलेलं दिसेल. हो ना? तोवर.”

“हो आंटी,” ती म्हणाली. “तोवर.”

आणि हसली. तेच, महिनाभराचं हसू.

मी घाईघाईने चटई गुंडाळायला घेतली. ती नीट गुंडाळली जाईना, एक टोक सुटायचं, ते धरलं की दुसरं. मारिसेल मदतीला वाकली. आम्ही दोघी त्या चटईशी झटत होतो, एकमेकींकडे न बघता. वन्सं दुकानातल्या एकुलत्या एक स्टुलावर बसल्या होत्या, केरसुणी मांडीवर आडवी.

“सुप्रभा, ठेव ती खाली,” त्या म्हणाल्या.

“होतंय, वन्सं. झालंच.”

“ठेव म्हणते ना. सकाळपासून मी काय बोंबलतेय? रुखवत मुलीच्या आईचं असतं.”

“वन्सं, नागपूरची तिकिटं झालीत, हॉल—”

“मी तुझ्याशी बोलत नाहीये.”

त्या मारिसेलकडे वळल्या. सकाळपासून तिला कळू नये म्हणून मराठीत पुटपुटणाऱ्या आमच्या वन्सं, चाळीस वर्षं या देशात राहून दुकानात खुणेने भाजी मागणाऱ्या, त्यांनी केरसुणी बाजूला ठेवली, घसा साफ केला आणि एकेक शब्द सुटा करून इंग्रजीत म्हणाल्या :

“मारिसेल. युवर मदर इज नॉट कमिंग ऑन ट्वेंटी-फिफ्थ. सो, नो वेडिंग ऑन ट्वेंटी-फिफ्थ. वी वेट फॉर हर.”