बघ्यांची जबाबदारी

प्रोफेसरांच्या मेहुण्याला परक्या देशात, भर दुपारी, त्याच्याच दुकानातून फरफटत बाहेर काढलं. जमावाने गजांनी आधी गुडघे फोडले. तो रांगत कोपऱ्यावरच्या पोलिसांकडे गेला, एकाचा बूट धरला. पोलिसाने बूट सोडवून घेतला. मग जमावाने त्याचं डोकं ठेचलं. वरच्या खिडकीतून त्याच्या बायकोने, म्हणजे प्रोफेसरांच्या बहिणीने, हे सगळं पाहिलं.

त्या सरकारने चूक कबूल करावी, एवढंच तिला हवं होतं. भरपाई गेली चुलीत, म्हणायची. आंतरराष्ट्रीय दाव्यांत हयात घालवलेला सख्खा भाऊ असताना दुसरा वकील कशाला शोधायचा? काखेत कळसा असून गावाला वळसा कोण घालतो?

लवादापुढे तिने साक्ष दिली. बुटाचं सांगताना तिचा आवाज कापला नाही. मान खाली गेली ती प्रोफेसरांची. मग समोरचा वकील उठला. तो त्यांचाच लाडका विद्यार्थी. त्याच्या हातात त्यांचाच ग्रंथ होता, सगळे लवाद प्रमाण मानतात तो.

"सर, तुमचंच वाक्य आहे," तो अदबीने म्हणाला आणि वाचू लागला, "'पोलीस नुसते बघत राहिले, तर जमावाच्या कृत्याला सरकार जबाबदार नाही.'"

तरुणपणी एका सरकारची बाजू मांडताना सुचलेलं हे वाक्य. आटोपशीर होतं, म्हणून प्रत्येक आवृत्तीत जपलेलं. बघणाऱ्यांच्या पायाशी कोण रांगत असतं, हा प्रश्न एवढ्या विद्वानाला कधी पडला नाही. अक्कल आली ती घरचं माणूस मेल्यावर.

"ते वाक्य चूक आहे," प्रोफेसर म्हणाले.

"कधीपासून?" अध्यक्षांनी विचारलं.

दावा फेटाळला गेला.

बाहेर पायऱ्यांवर बहिणीने प्रोफेसरांच्या हातातली ग्रंथाची प्रत हिसकावली.

"दादा, हे तू लिहिलंस?"

"हो."

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"वाटलं, कुणी काढणार नाही."

पहिला फटका कानशिलावर बसला. चष्मा फुटला, काच भुवईत घुसली. दुसऱ्याने ओठ फाटला. ते कोसळले तरी ती थांबेना. पुठ्ठ्याचा कोपरा डोक्यात आपटत राहिली. फाटकावर दोन पोलीस उभे होते, बघत. तोंडावरून रक्त ओघळत असताना प्रोफेसर त्यांच्याकडे रांगत गेले. हात एकाच्या बुटापर्यंत पोचला. पण तो धरायची त्यांना लाज वाटली. त्यांनी हात मागे घेतला आणि बहिणीकडे वळून डोकं खाली केलं.