आत उरलेला एक

वाचनालयाच्या दारावरचं माणसं मोजणारं यंत्र तिनंच प्रोग्रॅम केलं होतं. कुणी आत गेलं की एक मिळवायचा, बाहेर पडलं की एक वजा. सहाला कुलूप लावताना पडद्यावर शून्य दिसायला हवं. पण गेले नऊ दिवस तिथं एक उरत होता.

पहारेकरी काका रोज कपाटांमागे, बाथरूममध्ये डोकावून यायचे. "ताई, आत चिटपाखरू नाही."

तिनं कोडची ओळन् ओळ चाळली, चूक सापडेना. प्रोग्रॅमर मंडळींच्या फोरमवर विचारावं, तर मागे तिथं एकानं "आधी शोधून तर बघा" म्हणत तिची पार शोभा केली होती.

"विचारलंस तर दोन मिनिटं बावळट ठरशील," बहीण म्हणाली. "नाही विचारलंस तर उद्याही डोकं धरून बसशील."

तिनं प्रश्न टाकला. तासाभरात उत्तर आलं: सेन्सर एखाद्याला दोनदा मोजत असेल, अर्ध्या सेकंदात पुन्हा मोजू नये अशी अट घाला. त्याखाली एकानं लिहिलं, "आमच्या पोहण्याच्या तलावावरही नऊ दिवस एक उरतोय." मग एक शाळेतला, एक कारखान्यातला. त्यांचंही तेच. आपण एकटेच नाही म्हणून तिला हायसं वाटलं. चौघांची यंत्रं निरनिराळी आहेत, हे तेव्हा तिच्या ध्यानात आलं नाही.

तिनं अट घातली. संध्याकाळी शून्य.

"गेला एकदाचा!" काका हसले.

सकाळी तिनं फोरम उघडला. अट घालून तलाववाल्याचं आणि शाळेवाल्याचंही शून्य झालं होतं. खाली कारखानेवाल्याचा मजकूर होता: "मी अजून कशालाच हात लावलेला नाही. काल आमच्याकडे चार उरले."

तिनं विचारलं, "आत जाऊन पाहिलंत?"

"पाहिलं. कुणी नाही. पण पॅकिंगच्या टेबलाशी चार खुर्च्या ओढलेल्या आहेत. आता काय करू?"

तिनं बोटांवर मोजलं: त्याचा एक, आपल्या तिघांचे तीन. मग तिनं अट काढून टाकली.

सहाला काका कुलूप हातात धरून थबकले. "ताई, परत आला की हो!"

"राहू द्या, काका."

तिनं फोरमवर लिहिलं, "एक माझ्याकडे आलाय. तुमच्याकडे किती?"

"तीन."

लगेच तलाववाल्यानं लिहिलं, "मीही अट काढतो."

शाळेवाला मात्र पुन्हा तिकडं फिरकला नाही. कारखान्यात अजून दोन उरतात.