पलंगाखालची रेघ

रजया शिवून शिवून धाकटीचा उजवा खांदा कामातून गेला होता. साध्या मशीनच्या आखूड हाताखालून भलीमोठी रजई गुंडाळी करून ढकलायची, म्हणजे म्हैस खिडकीतून घरात ओढण्यातला प्रकार. असंच चालू ठेवलंत तर हात वर होणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. आणि हात गेला तर घरात खायचं काय? थोरली भावंडं आपापल्या संसारात होती, फोनवरून काळजी करायला मोकळी. अंथरुणाला खिळलेल्या बाबांचं सगळं हिच्याच गळ्यात.

म्हणून बाबांना सांगून ती रजया शिवायचं जुनं, लांब हाताचं लाँगआर्म मशीन बघायला गेली. विकणाऱ्या काकूंची नजर अधू झाली होती, त्या धंदा आवरत होत्या. खोलीभर पसरलेल्या चौकटीवर कापड ताणून बसवलेलं आणि मशीनच रुळांवरून इकडून तिकडे फिरणारं. कापडाला हात लावायचं काम नाही. काकूंनी मशीनच्या दोन मुठी तिच्या हातात दिल्या.

"चालवून बघ. माझ्या सांगण्यावर जाऊ नकोस."

तिने चालवलं. टीप उलटून पाहिली. खालचा दोरा कुठे सैल नव्हता, कापडाला झोल नव्हता. मेला खांदा दुखलासुद्धा नाही. कित्येक दिवसांत पहिल्यांदा तिला हसू आलं.

"एवढी खोली आहे ना तुझ्याकडे?" काकूंनी विचारलं.

"आहे की. पुढची."

घरी आली तेव्हा बाबा डोळे मिटून पडले होते. घर दोन खोल्यांचं. मागे स्वयंपाकघरात हिचं अंथरूणच कसंबसं तिरकं पडायचं. कात्री लावण्याआधी खूण करायची, ही कापडकामाची खोड अंगात मुरलेली. तिने टेप घेतली, कापडावरचा खडू घेतला आणि ओणवी होऊन फरशीवर चौकटीची रेघ मारत निघाली. भिंतीच्या कडेने खिडकीपर्यंत, तिथून वळून पुढे. खडू पलंगाखाली शिरला, पार पलीकडच्या पायापर्यंत गेला, तेव्हा कुठे तिचा हात थांबला.

तिने पलंग हिशोबात धरलाच नव्हता. काकूंना "आहे की" म्हणाली तेव्हाही तिच्या डोळ्यांपुढे खोली रिकामीच होती.

पलंग हलवायची सोय नव्हती. बाबा सुतार, उमेदीत त्यांनी तो याच खोलीत जोडला होता आणि दारातून तो निघत नव्हता. कापून काढला तरी माणसाला ठेवायचं कुठे, ओट्यावर?

वर पाहिलं तर बाबा टक्क जागे. मान कलती करून रेघ बघत होते. जन्मभर मापं घेतलेल्या माणसाला काय समजावून सांगणार?

"मागून फिरायला जागा सोडलीस का?" त्यांनी विचारलं.

"कसली जागा, बाबा? उगाच आपलं काहीतरी."

"हातभर तरी सोड. नाहीतर कोपर भिंतीला घासेल." जरा दम खाऊन ते म्हणाले, "विकणाऱ्याला म्हणावं, थोडे दिवस थांबा. जागा होईल."

"असलं बोलू नका."

"मी कुठे बोललो? रेघ तू मारलीस."

ते रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. पण गिऱ्हाइकाला काम समजावून सांगावं तसा त्यांचा आवाज शांत होता.

स्वयंपाकघरात जाऊन तिने काकूंना फोन लावला. "थोडे दिवस थांबाल का?"

"थांबेन की. पण किती दिवस?"

डॉक्टर शेवटच्या खेपेला काय म्हणाले, बाबांचं जेवण किती कमी झालंय, ही थंडी त्यांना झेपेल का, असं ती मनाशी जुळवू लागली. बरंच पुढे गेल्यावर आपण काय मोजतोय ते तिला कळलं. तिला स्वतःची शिसारी आली.

"नको, काकू. दुसऱ्या कुणाला द्या," ती म्हणाली.

मग ओलं फडकं घेऊन ती फरशी पुसायला बसली. बाबांनी भिंतीकडे तोंड केलं होतं.

"मशीन नाही घेत मी," तिने सांगितलं. खिडकीपर्यंतची रेघ पुसून झाली. पलंगाखाली हात घातला तशी खांद्यातून अशी कळ गेली की ती तिथेच थबकली.

"राहू दे तेवढी," बाबा भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाले.

आणि तिने ती राहू दिली.