सूर्याचे डाग दाखवणारी दुर्बीण

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. चाकणच्या एका कंपनीत लेथवर काम करणाऱ्या इकबालभाईंनी सुट्टीच्या दिवसांत मला घडवलं, आपल्या लेकीसाठी, साबियासाठी. माझ्यातून चंद्रावरचे खड्डे पाहून ती आनंदाने नाचली होती. पुढे ती शिकायला बाहेर गेली आणि मी पलंगाखाली धूळ खात पडले. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

पण साबिया विज्ञानाची शिक्षिका झाली, पिंपळे गुरवच्या शाळेत लागली आणि एका हिवाळ्यात तिने मला शाळेच्या गच्चीवर नेलं. माझं तोंड सूर्याकडे करून ती पांढरा पुठ्ठा घ्यायला वळली. तेवढ्यात सातवीतली वर्षाली मला डोळा लावायला वाकली. मित्रांनो, माझ्या भिंगातून गोळा झालेलं ऊन कागदसुद्धा जाळतं! मला ओरडता येईना.

“वर्षाली, मागे हो!” साबियाने झेप घेऊन तिला ओढलं.

वर्षालीला रडू फुटलं. “मला वाटलं, चंद्रावानी बघायचं असतं.”

“चुकलं माझंच. आधी सांगायला हवं होतं,” साबिया म्हणाली. ज्या हाताने ओढलं, त्याच हाताने तिने वर्षालीचे डोळे पुसले. त्या हाताचे उपकार मी कधी विसरणार नाही.

मग तिने माझ्यामागे पुठ्ठा धरला. त्यावर सूर्याचं गोल बिंब उमटलं, आणि बिंबावर दोन काळे डाग, एकाखाली एक. मुलं रोज त्यांच्या जागा कागदावर टिपू लागली. डाग रोज थोडे सरकत होते. आठवडाभरात वर्षालीच ओरडली, “मॅडम, वरचा डाग मागं राहिला की!”

“शाबास! सूर्य दगडासारखा घट्ट नाही, तापलेल्या वायूचा गोळा आहे. त्याचा मधला पट्टा लवकर फिरतो, उत्तर-दक्षिण टोकांकडचा भाग सावकाश, म्हणून वरचा डाग मागे पडला. शिवाय वरचा वायू हळूहळू टोकांकडे वाहतो आणि आतून परत मध्याकडे येतो.”

“आणि थांबतो कधी?”

“थांबतच नाही.”

“आमच्या पप्पांना निदान रविवारी तरी सुट्टी असते,” वर्षाली म्हणाली, आणि सगळी गच्ची हसली.

घडवणाऱ्याने मला रूप दिलं, पण त्या मुलांनी मला काम दिलं. मी तृप्त आहे. मागणं एकच आहे: दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही थेट पाहू नका. माझं भिंग फुटलं तर नवं बसवता येईल. तुमच्या डोळ्यांचं तसं नाही.